लाकूड, मांजरपाट आणि सायकलची तार: विल्बर राईटने विमानाचे पंख कसे बनवले?

राईट बंधूंनी विमानाचा शोध लावला हे आपण शाळेत एका ओळीत शिकलो आणि पुढच्या धड्याकडे वळलो. दोन भाऊ, सायकलचं दुकान, १९०३ साल, संपलं. पण ते विमान नेमकं कशाचं होतं, पंख कोणी कापले, कोणी शिवले, ते वाऱ्यात तुटले का नाहीत, हे मात्र कोणी सांगत नाही. आज आपण मोठ्या भावाची, विल्बरची गोष्ट पाहू, आणि तीही त्याने बनवलेल्या पंखांच्या बाजूने. मी शिकलो इंजिनिअरिंग, पण पोटापाण्यासाठी करतो सॉफ्टवेअर. त्यामुळे लेखात मध्येच व्हर्जन, टेस्टिंग असे शब्द आले तर समजून घ्या.

आधी माणूस कोण होता ते बघू

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात मिलव्हिल या खेड्याजवळ. धाकटा ऑर्व्हिल चार वर्षांनी लहान. वडील मिल्टन राईट हे चर्चमध्ये बिशप, सतत फिरतीवर. घरात पुस्तकं भरपूर. पण हाताचं कसब आलं ते आईकडून. सुसान राईट यांचे वडील गाड्या बनवणारे कारागीर होते, त्यामुळे तिला अवजारं नीट धरता यायची. मुलांची खेळणी ती घरीच बनवायची, मोडलेली वस्तू तीच दुरुस्त करायची. १८७८ मध्ये वडिलांनी एक उडतं खेळणं आणलं. बूच, बांबू, कागद आणि पीळ दिलेला रबर, एवढंच. सोडलं की छताला जाऊन आपटायचं. मुलांनी ते मोडेपर्यंत उडवलं आणि मग स्वतः तसलंच बनवलं.

विल्बर अभ्यासात हुशार होता, येल विद्यापीठात जायचं ठरत होतं. १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावरच्या हॉकीत त्याच्या तोंडावर काठी बसली आणि पुढचे दात गेले. जखम भरली, पण माणूस आतून खचला. कॉलेज बारगळलं. आईला क्षय झाला होता. पुढची तीनेक वर्षं तो घरीच राहून तिची सेवा करत होता आणि वडिलांच्या कपाटातली पुस्तकं वाचत होता. १८८९ मध्ये आई गेली. शाळेचा अधिकृत दाखलासुद्धा त्याच्या हातात कधी पडला नाही, कारण शेवटच्या वर्षाच्या सुमारास कुटुंब ओहायोतल्या डेटन शहरात आलं होतं. डिग्रीवरून माणसाची किंमत करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

त्यानंतर दोघा भावांनी छापखाना काढला. १८९२ मध्ये सायकलचं दुकान सुरू केलं आणि १८९६ पासून स्वतःच्या ब्रँडच्या सायकली बनवू लागले.

एक मृत्यू आणि एक प्रश्न

त्याच वर्षी, ऑगस्ट १८९६ मध्ये, जर्मनीत ओटो लिलिएंथाल ग्लायडरवरून पडून गेला. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. लिलिएंथालने टेकडीवरून उड्या मारून शेकडो वेळा तरंगून दाखवलं होतं. तोल सांभाळायची त्याची पद्धत मात्र एकच होती: पंखाखाली लोंबकळायचं आणि पाय इकडे-तिकडे हलवायचे. वाऱ्याचा झोत आला आणि अंग पुरेसं पटकन हललं नाही.

ही बातमी वाचून विल्बरच्या डोक्यात किडा वळवळू लागला. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम इथेच झालं, पंख बनवायच्या कितीतरी आधी. बाकीचे लोक जास्त ताकदीचं इंजिन शोधत होते. विल्बरने ठरवलं की अडचण ताकदीची नाही, ताब्याची आहे. सायकलवाल्याला हे पटकन कळणार! सायकल स्वतःहून उभी राहत नाही, चालवणारा तिला दर क्षणाला सावरत असतो. विमानही असंच सावरावं लागणार. ३० मे १८९९ रोजी त्याने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणावरची पुस्तकं आणि लेख मागवले.

मग जुलैमध्ये ती खोक्याची गोष्ट घडली. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना विल्बरच्या हातात सायकलच्या ट्यूबचं रिकामं, लांबट खोकं होतं. बोलता बोलता त्याने ते पिळलं. एका टोकाला वरची-खालची बाजू पुढे झुकली, दुसऱ्या टोकाला मागे.

हे तुम्ही आत्ता करून बघा. टूथपेस्टचं रिकामं खोकं घ्या, दोन्ही टोकांची झाकणं उघडा आणि दोन हातांनी उलट-सुलट पिळा. वरची बाजू म्हणजे वरचा पंख, खालची म्हणजे खालचा पंख. एका टोकाचा पंख वाऱ्याला जास्त कोनात सामोरा जातो, म्हणून तिथे उचल वाढते. दुसऱ्या टोकाला कमी होते. विमान त्या बाजूला कलतं. शरीर हलवायची गरजच नाही. याला विंग वार्पिंग म्हणतात, म्हणजे पंखाला पीळ देणं. काही आठवड्यांत त्याने पाच फुटांचा दोन मजली पतंग बनवून दोऱ्यांनी हे तपासलं, आणि ते चाललं.

दोन पंख एकावर एक का?

दोन पंख असलेल्या विमानाला बायप्लेन म्हणतात. दोन पंखांनी उचल जास्त मिळते हे खरंच, पण मुख्य कारण मजबुतीचं आहे. लाकडाचा एकच लांब पंख फळीसारखा वाकतो. त्याऐवजी दोन पंख घ्या, मध्ये उभे दांडे लावा आणि तिरप्या तारा ताणा, की तयार होतो रेल्वेच्या लोखंडी पुलासारखा सांगाडा. ही कल्पना राईटांची नाही. ऑक्टेव्ह शानूट नावाचे वयस्क इंजिनिअर, जे खरोखरच पूल बांधायचे, त्यांनी १८९६ च्या आपल्या ग्लायडरमध्ये ती वापरली होती. विल्बरने १९०० मध्ये त्यांना पत्र लिहिलं आणि पुढे दोघांमध्ये पत्रांचा ढीग जमला.

विल्बरची करामत अशी की त्याने पुलातल्या थोड्या तारा मुद्दाम लावल्याच नाहीत. समोरून बघितलं तर सांगाडा तारांनी घट्ट बांधलेला. पण पुढचे दांडे आणि मागचे दांडे यांच्यामध्ये तिरप्या तारा नाहीत. म्हणजे पंख खाली-वर वाकत नाही, पण पिळता येतो. कुठे घट्ट ठेवायचं आणि कुठे सैल, हे ठरवणं म्हणजेच डिझाइन. आम्हाला सॉफ्टवेअरमध्ये हेच शिकायला वर्षं लागतात.

व्हर्जन एक: शिलाई मशीनवरचं विमान

सप्टेंबर १९०० मध्ये विल्बर एकटाच नॉर्थ कॅरोलायनातल्या किटी हॉक या समुद्रकाठच्या गावी पोचला. इथे भरपूर वारा, मऊ वाळू आणि मोजकी माणसं. ॲश जातीच्या लाकडाच्या पट्ट्या डेटनमध्येच वाफवून वाकवल्या होत्या. लांब सरळ वासे वाटेत नॉरफोक शहरात घ्यायचे ठरले होते. त्याला अठरा फुटी स्प्रूस हवा होता. तो मिळालाच नाही! सोळा फुटी पांढऱ्या पाइनवर भागवावं लागलं. वासे आखूड, म्हणून पंख आखूड, म्हणून आधीच शिवून आणलेलं कापड मोठं पडलं.

गावचे टेट कुटुंब त्याला आसरा देत होतं. त्याने ॲडी टेट यांचं शिलाई मशीन मागून घेतलं, अंगणात बसून सॅटीनच्या कापडाचे पट्टे कापले आणि पुन्हा शिवले. पुढे हंगाम संपल्यावर ते ग्लायडर तिथेच टाकून भाऊ घरी गेले, तेव्हा ॲडीबाईंनी त्याच कापडाचे आपल्या मुलींसाठी झगे शिवले. जगातल्या पहिल्या विमानाच्या आजोबाचे झगे! सगळ्या ग्लायडरला खर्च आला होता साधारण १५ डॉलर.

हे ग्लायडर जास्त करून पतंगासारखंच उडवलं. माणूस घेऊन ते हवेत राहिलं ते सगळं मिळून दोनेक मिनिटं.

व्हर्जन दोन बिघडलं, कारण डेटा चुकीचा होता

१९०१ मध्ये त्यांनी मोठं ग्लायडर केलं. २२ फूट लांब, ७ फूट रुंद पंख. हिशोब पुस्तकातल्या कोष्टकांप्रमाणे चोख. प्रत्यक्षात उचल मिळाली हिशोबाच्या साधारण एक तृतीयांश. वर पीळ दिल्यावर ते कधीकधी उलटीकडेच वळायला बघायचं. परत येताना विल्बर इतका निराश होता, की आपल्या हयातीत माणूस उडणार नाही असं त्याला वाटू लागलं होतं.

मला विचाराल तर या गोष्टीतला खरा पेच हाच. एकीकडे जगभर मान असलेले आकडे, ज्यांतला एक तर अठराव्या शतकापासून सगळे वापरत होते. दुसरीकडे डेटनचे दोन सायकलवाले. चूक कुणाची असेल? आपल्यापैकी बहुतेकांनी स्वतःलाच दोष देऊन विषय सोडला असता.

विल्बर आणि ऑर्व्हिलने मोजायचं ठरवलं. आधी एका सायकलच्या हँडलवर तिसरं चाक आडवं बसवलं. त्यावर एका बाजूला सपाट पत्रा आणि दुसऱ्या बाजूला छोटा वाकडा पंख लावून डेटनच्या रस्त्यावर जोरात पेडल मारले. चाक कुठे वळतं त्यावरून दोन्हींची तुलना. मग दुकानात सहा फूट लांब लाकडी पेटी बनवली, तोंड १६ इंच चौरस, एका टोकाला पंखा. हा झाला विंड टनेल. आत वजनकाटा म्हणून काय? हॅकसॉची जुनी पाती आणि सायकलच्या तारा. पत्र्याचे छोटे छोटे पंख कापून, ठोकून त्यांनी १९०१ च्या हिवाळ्यात सुमारे दोनशे आकार तपासले.

निकाल दोन आले. एक, हवेच्या दाबाचा तो जुना गुणांक ०.००५ धरला जायचा, तो प्रत्यक्षात ०.००३३ च्या आसपास होता. दुसरा निकाल जास्त महत्त्वाचा: क्षेत्रफळ तेवढंच ठेवून पंख लांब आणि अरुंद केला, तर तो खूप चांगलं काम करतो. १९०१ चा पंख २२ बाय ७, तर १९०२ चा ३२ बाय ५. कापड जवळपास तेवढंच, पण वागणूक पूर्ण वेगळी. घार आठवा, तिचे पंख कोंबडीसारखे आखूड नसतात.

१९०२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या ग्लायडरने शेकडो उड्डाणं केली. उलटं वळण्याचा रोग मागे उभं सुकाणू लावून बरा झाला. सुकाणू हलतं असावं ही कल्पना ऑर्व्हिलची. ते पंखाच्या पिळाशी तारेने जोडून टाकावं, ही विल्बरची. खरं सांगायचं तर त्यांचं विमान इथेच तयार झालं. इंजिन ही उरलेली बाब होती.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. राईटांचा विषय निघाला की आपल्याकडे मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव येतंच, चौपाटी आणि १८९५ सालासकट. अभिमान मलाही आवडतो. पण राईटांकडे वह्या आहेत, मापं आहेत, फोटो आहेत, फसलेल्या दिवसांच्या नोंदी आहेत. तळपद्यांच्या उड्डाणाचं असं तपासता येईल असं काही हाती नाही. आणि ज्या वैमानिक शास्त्र ग्रंथाचा दाखला दिला जातो, त्यातली विमानं उडू शकत नाहीत हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये गणिताने दाखवलं. विषय संपला, पुढे जाऊ.

१९०३ चा पंख उघडून बघूया

आता मुख्य माल. १९०३ च्या फ्लायरचा पंख टोकापासून टोकापर्यंत ४० फूट ४ इंच, म्हणजे साधारण १२.३ मीटर. दोन्ही पंखांचं मिळून क्षेत्रफळ ५१० चौरस फूट. मुंबईतल्या कितीतरी वन बीएचकेंपेक्षा मोठं! आणि माणूस सोडून सगळ्या विमानाचं वजन फक्त २७४ किलो.

पंखाच्या लांबीच्या दिशेने दोन वासे धावतात, त्यांना स्पार म्हणतात. सगळा भार शेवटी यांच्यावरच येतो. ते स्प्रूसचे. स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष. लाकूड वजनाला हलकं, त्या मानाने मजबूत, आणि रेषा लांबच लांब सरळ. रेषा का महत्त्वाच्या, ते कुठल्याही सुताराला विचारा. रेषा वाशाच्या काठाकडे तिरप्या निघत असतील किंवा मध्येच गाठ असेल, तर लाकूड वाकत नाही, तिथूनच चिरतं. जमिनीवर चिरलं तर फळी बदलता येते, हवेत नाही.

स्पारवर आडव्या बसतात त्या रिब्ज, म्हणजे बरगड्या. पंखाचा बाक यांच्यामुळे येतो. आधीच्या ग्लायडरमध्ये त्या अखंड वाकवलेल्या काड्या होत्या. १९०३ मध्ये दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये लाकडाचे छोटे ठोकळे अशी शिडीसारखी रचना केली. वजन कमी, ताकद जास्त. बाक किती? रुंदीच्या साधारण विसाव्या भागाएवढा.

मग कापड. त्याला इंग्रजीत मस्लिन म्हणतात, पण आपली तलम मलमल डोळ्यासमोर आणू नका. ते न धुतलेलं, न रंगवलेलं सुती कापड होतं, आपल्या मांजरपाटाच्या जवळचं. गंमत ते कसं लावलं यात आहे. त्यांनी कापड उरेब लावलं, म्हणजे धागे पंखाला ४५ अंशात तिरपे. घरात कुणी शिवणकाम करत असेल तर उरेब म्हणजे काय ते लगेच सांगेल. तिरपा प्रत्येक धागा बारीक तारेसारखं काम करतो, म्हणून कापड नुसतं झाकण राहत नाही, सांगाड्याचाच भाग बनतं. आतून शिवलेल्या खिशांमध्ये रिब्ज सरकवलेल्या, म्हणजे पंख पिळला की कापड फाटत नाही. उभ्या दांड्यांचे सांधेही हलू शकतील असे. कड्यात अडकवलेला आकडा असतो ना, तसे.

आणखी दोन बारकावे मला फार आवडतात. उजवा पंख डाव्यापेक्षा ४ इंच लांब होता, कारण इंजिन चालकाच्या उजवीकडे होतं आणि ते चालकापेक्षा जड. आणि पंखांची टोकं मधल्या भागापेक्षा खाली झुकवलेली होती, म्हणजे बाजूने आलेला वाऱ्याचा झोत एक टोक पटकन उचलणार नाही.

इंजिन दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलरने सहा आठवड्यांत घडवलं, साधारण १२ अश्वशक्तीचं. पंखे, म्हणजे प्रोपेलर, पुन्हा लाकडाचे. स्प्रूसच्या फळ्या एकमेकींवर चिकटवून कुऱ्हाडीने आणि रंध्याने तासलेले, साडेआठ फुटी. जहाजाच्या पंख्याची पुस्तकं वाचून हाती काही लागेना, तेव्हा प्रोपेलर हा गोल फिरणारा पंखच आहे, असं धरून भावांनी आपल्याच विंड टनेलच्या आकड्यांवरून तो मांडला. त्यावर दोघांची कडाक्याची भांडणं व्हायची. असं सांगतात की वाद घालता घालता दोघंही बाजू बदलून पुन्हा तेवढ्याच जोरात भांडायचे.

डिसेंबर

१४ डिसेंबर १९०३. नाणं उडवलं, विल्बर जिंकला. त्याने सुकाणू जरा जास्तच वर ओढलं, विमान उचललं आणि लगेच वाळूत बसलं. लाकूड मोडलं, पण दोन दिवसांत दुरुस्त झालं. लाकडाच्या विमानाचा हा मोठा फायदा: गोंद, दोरी आणि फळीचा तुकडा असला की काम होतं.

म्हणून १७ डिसेंबरला पाळी ऑर्व्हिलची. १२ सेकंद, १२० फूट. त्या प्रसिद्ध फोटोत पंखाच्या उजव्या टोकाशी धावून थबकलेला माणूस दिसतो, तो विल्बर. त्या दिवसाचं चौथं उड्डाण त्याचं होतं: ५९ सेकंद, ८५२ फूट. त्यानंतर विमान उभं असताना जोराचा वारा आला आणि त्याने ते गडगडत नेऊन मोडलं. ते पुन्हा कधीच उडालं नाही.

भावांचा सगळा खर्च हजार डॉलरच्या आत. नऊच दिवस आधी सॅम्युअल लँग्ले यांचं सरकारी पैशांवरचं विमान पोटोमॅक नदीत कोसळलं होतं. त्याला एकट्या युद्ध खात्याने ५०,००० डॉलर दिले होते.

त्या १९०३ च्या विमानाच्या कापडाचा आणि प्रोपेलरच्या लाकडाचा तुकडा १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर घेऊन गेले. आणि १९ एप्रिल २०२१ ला मंगळावर इंजेन्युइटी हे छोटं हेलिकॉप्टर उडालं, त्याच्या सोलर पॅनलखालीही त्याच कापडाची चिंधी चिकटवलेली होती.

मान आणि कोर्ट

पुढची दोन वर्षं डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या गायींच्या कुरणात गेली. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर ३९ मिनिटं हवेत घिरट्या घालत राहिला, सुमारे ३९ किलोमीटर. मग भावांनी उडणंच थांबवलं, करार होईपर्यंत कुणी नक्कल करू नये म्हणून. युरोपात लोक त्यांना थापाडे म्हणू लागले.

१९०८ मध्ये विल्बर फ्रान्सला गेला. पेट्या उघडल्या तर रिब्ज मोडलेल्या, कापड फाटलेलं. त्याने ऑर्व्हिलला रागाचं पत्र पाठवलं की पॅकिंग असं करतात का. नंतर कळलं की ही करणी फ्रेंच कस्टमवाल्यांची होती. ल मॉन्स शहरात एका मोटार कारखान्यातली जागा घेऊन त्याने जवळजवळ एकट्याने पंख पुन्हा उभे केले. त्यात इंजिनचं उकळतं पाणी उडून हात भाजला. ८ ऑगस्टला तो उडाला, दोन मिनिटंसुद्धा नाही. पण ज्या सहजतेने तो वळला, ते बघून मैदानावरचे फ्रेंच वैमानिक थक्क झाले. त्यांची विमानं अजून कशीबशी वळायची. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो सलग दोन तास वीस मिनिटं उडत होता.

मधल्या काळात, १७ सप्टेंबरला, तिकडे अमेरिकेत ऑर्व्हिलचं विमान प्रोपेलर फुटून कोसळलं आणि बरोबरचे लेफ्टनंट सेल्फ्रिज गेले. इंजिन लावलेल्या विमानातला हा पहिला मृत्यू. सप्टेंबर १९०९ मध्ये विल्बरने न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याला फेरी मारली. पाण्यात पडलं तर तरंगावं म्हणून विमानाखाली चक्क एक होडी बांधून!

आणि नंतर? नंतर वकील. त्यांचं पेटंट २२ मे १९०६ ला मंजूर झालं होतं आणि ते पंखाच्या पिळापुरतं नव्हतं, बाजूचा तोल सांभाळायच्या पद्धतीवरच त्यांचा हक्क होता. १९०९ पासून ग्लेन कर्टिस आणि इतरांवर खटले सुरू झाले. कर्टिस पंख पिळत नव्हता, तो पंखाला वेगळी हलणारी फळी लावायचा, म्हणजे आजचं एलेरॉन. कायद्याने राईट बरोबर असतीलही, पण ज्या माणसाने दहा वर्षांत पाच वेळा पंख नव्याने मांडला, त्याने शेवटची वर्षं साक्षी-पुराव्यात आणि प्रवासात घालवली हे मला खटकतं. या काळात विल्बरने विमानात म्हणावं तसं नवीन काही केलं नाही. ज्यांच्यावर खटले होते ते मात्र करत राहिले.

१९१२ च्या मेमध्ये तो दमून घरी आला आणि टायफॉइडने अंथरुणाला खिळला. ३० मे १९१२ रोजी पहाटे तो गेला. वय ४५. लग्न केलं नव्हतं. स्मिथसोनियनला पत्र लिहिलं त्याला त्या दिवशी बरोबर तेरा वर्षं झाली होती.

जानेवारी १९१४ मध्ये वरच्या कोर्टाचा निकाल राईटांच्या बाजूने लागला. पुढच्या वर्षी ऑर्व्हिलने कंपनी विकून टाकली. त्याच १९१५ साली राईट कंपनीचं मॉडेल के हे विमान आलं. त्यात पंख पिळायची सोय नव्हती, एलेरॉन होते.